तामारेचें कोणीं ऐकून घेतलें?

वाचनाचा भाग : २ शमुवेल, अध्याय १३, वचनें १ ते २२



हा अध्याय आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फारसा वाचला जात नाहीं. मीं स्वतः सेमिनरींत असतांना तो घाईनेंच ओलांडला होता. परंतु गेल्या कापूस-वेचणीच्या दिवसांत घडलेल्या एका गोष्टीनें मला तो पुन्हां उघडावयास लाविलें. ती गोष्ट पुढें सांगतों. आधीं शास्त्रभाग पाहूं.

दावीद राजाचा पुत्र अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर वाईट दृष्टि ठेवतो. त्याला युक्ति सुचवितो तो त्याचा हुशार मित्र योनादाब : आजाराचें सोंग घे, म्हणजे तिला तुझ्याकडे पाठवितील. आणि पाठवितो कोण? खुद्द तिचा बाप! दावीदाला कपटाची गंधवार्ताहि नाहीं. आजारी मुलासाठीं जेवण करावें म्हणून तो मुलीला निरोप धाडतो, आणि ती सरळ मनानें जाते. अनर्थ झाल्यावर तामार मस्तकावर राख टाकून, वस्त्र फाडून, रडत बाहेर पडते. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला विचारतो खरा, पण त्याच श्वासांत तिला गप्प बसवितो. बापाला कळतें तेव्हां त्याला फार क्रोध येतो. परंतु त्या क्रोधानें तो मुलीसाठीं कांहीं केल्याचें शास्त्र सांगत नाहीं. साऱ्या घराण्यांत तामारेचें शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकहि माणूस निघत नाहीं.

आपणहि दावीदाप्रमाणें न कळतां मुलांस धाडिलें आहे. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर येऊं लागले, तेव्हां आपल्यापैकीं कित्येकांनीं सोयाबीनच्या पैशांतून, कोणीं उसनवारीनें, मुलांच्या हातीं तें यंत्र दिलें. त्यांत पाप नव्हतें. दावीदानेंहि जेवण करावयासच पाठविलें होतें. पण आंत कोण सोंग घेऊन निजला आहे याची चौकशी आपणहि केली नाहीं.

तें सोंग कसें असतें हें वडील मंडळीस ठाऊक असावें. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर एखाद्या मुलीच्या नांवें व फोटोनें मैत्रीची मागणी येते. दोन गोड शब्द होतात, मग व्हॉट्सॲपचा नंबर मागितला जातो, आणि रात्रीं चित्रासह बोलणें सुरू होतें. समोर दिसते ती स्त्री बहुधा तेथें नसतेच. आधीं तयार ठेविलेलें चित्रण लाविलेलें असतें. इकडे मुलाचें चित्र मात्र तिकडे उतरवून घेतलें जातें. थोड्याच वेळांत धमकी येते : पैसे पाठव, नाहींतर हें तुझ्या आईबापांस, शिक्षकांस, साऱ्या ओळखीच्यांस पाठवितों. कधीं कधीं मागाहून दुसराच कोणी दिल्लीचा पोलीस अधिकारी म्हणवून फोन करितो व प्रकरण मिटविण्याचे आणखी पैसे मागतो. मुलींच्या बाबतींत साध्या फोटोवरून खोटें नग्न चित्र बनविणें आतां कठीण राहिलेलें नाहीं. अशा मुलीनें कांहींच केलेलें नसतें. तरी भीति तीच.

सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस पुणें शहरांत थोड्याच दिवसांच्या अंतरानें दोन तरुणांनीं अशाच छळापायीं आपला प्राण गमाविला. पोलिसांचा तपास राजस्थानांतील अलवर जिल्ह्यांतल्या एका खेड्यापर्यंत गेला. शेकडों कोसांवर बसलेल्या, कधीं न भेटलेल्या माणसाच्या हातांत शस्त्र तरी कोणतें होतें? आपल्याच घरच्यांचें भय, दुसरें कांहीं नाहीं. मोबाईल नव्हते तेव्हांहि शस्त्र हेंच होतें. १९९४ सालीं जळगांव येथें उघडकीस आलेलें प्रकरण वृद्ध वाचकांस आठवत असेल. तेथेंहि मुलींस छायाचित्रांचा धाक घालण्यांत आला होता, आणि लोकलज्जेमुळें पुढें येऊन साक्ष देणाऱ्या थोड्याच निघाल्या. गुन्हेगारास आपण असेंच संरक्षण देत आलों आहों.

आतां ती गोष्ट. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आमच्या मंडळींतील एक मुलगा दाराशीं घोटाळत होता. "पाळकसाहेब, जरा बोलायचं होतं," एवढें तो म्हणाला. मला दुसऱ्या गांवीं जावयाची घाई होती. शिवाय त्याच महिन्यांत मीं मोबाईलच्या वेडावर कडक उपदेश केला होता, व निर्लज्ज पिढी हे शब्द वापरले होते. (लोकांस तो उपदेश फार आवडला होता, हेंहि येथें कबूल करितों.) माझें घड्याळाकडे पाहणें त्यानें पाहिलें, "कांहीं नाहीं" म्हणाला आणि गेला.

पुढें वेचणीच्या मजुरीचे डब्यांत ठेविलेले पैसे नाहींसे झाले. बाप काठी शोधूं लागला. आईनें त्याला बाहेर पाठविलें, चुलीशीं मुलाला बसविलें व एवढेंच विचारिलें, "बाबू, कोनी तरास देऊन राह्यलं का तुले?" मुलगा रडला. त्यानें चार वेळां पैसे धाडिले होते व प्रत्येक वेळीं मागणी वाढली होती. त्या माउलीला लिहितां-वाचतां येत नाहीं. मधें एक शब्द न बोलतां तिनें सारें ऐकून घेतलें, मग शेजारच्या शिक्षिकेला उठविलें, आणि त्याच रात्रीं १९३० या नंबरावर तक्रार गेली. मुलगा वांचला. पण तो आधीं माझ्याकडे आला होता.

म्हणून लिहितों. धमकी आली तर पैसे देऊं नये. दिल्यानें मागणी थांबत नाहीं. भीतीनें संदेश पुसून टाकूं नयेत. नंबर, संदेशांचीं चित्रें, ज्या खात्यांत पैसे गेले त्याची नोंद, हें सर्व जपून ठेवावें, कारण पुरावा तोच आहे. पैसे गेले असल्यास शक्य तितक्या लवकर १९३० वर कळवावें, म्हणजे ते वाटेंत अडविण्याची आशा असते. मुलांच्या साह्यासाठीं १०९८ हा नंबर आहे. कोणत्याहि पोलीस ठाण्यांत तक्रार देतां येते, मग गुन्हा कोठेंहि घडलेला असो. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, २०१२ च्या पॉक्सो कायद्याचें संरक्षण दोघांसहि आहे. त्यांचें नांव, घर, शाळा वर्तमानपत्रांस छापतां येत नाहीं, आणि पोलिसांनीं जबाब गणवेश न घालतां, मुलाच्या घरीं किंवा त्याच्या सोयीच्या जागीं घ्यावा असा नियम आहे. पाळक, वडील व शिक्षक यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, असा गुन्हा कळल्यावर तो कळविणें कायद्यानें बंधनकारक आहे. "मंडळीची अब्रू" म्हणून घरांतल्या घरांत मिटविणें हें अबशालोमाचें काम झालें. त्याच्या मौनाचें पुढें दोन वर्षांनीं काय झालें, तें त्याच अध्यायांत वाचावें.

तरुणांनो, कोणी म्हणेल कीं चूक तुझीच होती. असेल, रात्रीं अनोळखी माणसाशीं तसें बोलणें ही चूकच आहे, व तिच्याविषयीं देवापाशीं बोलतां येईल. पण धमकी देणें हा त्याचा गुन्हा आहे, तुमचा नव्हे. ह्या दोन गोष्टी एकत्र करूं नका, आणि आईबापांनींहि करूं नयेत. ज्या रात्रीं मूल बोलेल त्या रात्रीं उपदेश नको. जेवूं घाला, जवळ निजवा, मोबाईल आपल्यापाशीं ठेवा. पुढचें सकाळीं.

येत्या रविवारपासून उपासनेनंतर मी व माझी पत्नी अर्धा तास मागील खोलींत बसूं. खोलीचें दार उघडें राहील, पण कोण आलें व कां आलें हें कोणीं विचारूं नये, असें वडीलमंडळानें ठरविलें आहे. घड्याळ मीं घरीं ठेविलें आहे.