एकाकी लेकरांस घर

(स्तोत्र ६८ : ५, ६)

ह्या शास्त्रभागात देवाची दोन कामे सांगितली आहेत. तो पोरक्यांचा पिता होतो. आणि जो एकटा पडला त्यास तो कुटुंबात ठाव देतो. पहिले काम आपणांस लवकर समजते. दुसऱ्याकडे आपले लक्ष जात नाही. पोरक्या लेकरास अन्न, वस्त्र व पाटी मिळाली म्हणजे कर्तव्य संपले असे आपण मानितो. परंतु भुकेल्यास भाकर देणे निराळे, व एकट्यास आपले माणूस देणे निराळे.

योहान हिन्रिख विखर्न नामक जर्मन सेवकाने हे ओळखिले होते. तो स्वतः पंधराव्या वर्षी पितृहीन झाला होता. सन १८३३ त त्याने हांबुर्ग शहरानजीक निराश्रित व उनाड ठरलेल्या मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ हा आश्रम उघडिला. मुलांची एकच मोठी गर्दी न करिता त्याने सुमारे बारा बारा जणांची कुटुंबे केली, आणि प्रत्येक कुटुंबावर वडील भावासारखा एक सेवक नेमिला. नाताळ केव्हा येणार, असे मुले त्यास वारंवार विचारीत. म्हणून सन १८३९ त त्याने एका चाकावर मेणबत्त्या बसवून नाताळापर्यंत रोज एक नवी लावण्याची चाल पाडिली. जेथे लेकराच्या प्रश्नास उत्तर मिळते, ते खरे घर होय.

आपल्या देशाचा सन २०१५ चा बालन्याय कायदाहि, लेकरास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, असे सांगतो. म्हणून ज्याचे कोणी उरले नाही त्याची वार्ता जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस द्या. त्यास परस्पर कोणाच्या हाती सोपवू नका.

आणि ज्यांच्या घरी भावाचे किंवा बहिणीचे पोरके लेकरू आहे, त्यांनी आज आपले अंतःकरण तपासावे. त्याचे ताट तुमच्या मुलांच्या पंगतीस असते काय? तुमची मुले शाळेत आणि ते मात्र शेळ्यांमागे, असे तर होत नाही ना? छपराखाली घेऊनहि लेकरास परके ठेविता येते. भाकर थोडी असली तरी ती सारखी वाटिता येते.

प्रभु वधस्तंभावर खिळलेला असताहि त्याने आपली माता व आपला प्रिय शिष्य ह्यांचे एक घर करून दिले. त्या शिष्याने विलंब केला नाही. आपणहि करू नये.