घाईला काय काय माफ असते?

फेब्रुवारीच्या २८ दिवसांत १४ नवी गाणी लिहावयाची, असा एक उपक्रम अमेरिकेत बर सेटल्स आणि त्यांच्या काही मित्रांनी २००४ साली सुरू केला. ‘फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ’ हे त्याचे नाव, आणि लीप वर्षात एक दिवस वाढतो म्हणून उद्दिष्ट साडेचौदा गाण्यांचे, असा त्याचा मिश्कील पण चोख हिशेब. भाग घेणारे बहुतेक हौशी, म्हणजे गीतलेखनावर ज्यांचे पोट नाही असे असतात.

पहिली काही गाणी मनात साठलेल्या ऐवजावर निघतात. पुढे साठा आटू लागतो, तेव्हा जुन्या वहीतले गाणे नवे म्हणून खपवण्याचा मोह होतो खरा, परंतु बक्षीस नसलेल्या उपक्रमात त्यात फसतो तो मुख्यतः फसवणाराच. गाणे सुमार निघाले तर तोही अपराध नव्हे. पॉल मॅकार्टनी यांनीसुद्धा ‘येस्टरडे’च्या चालीवर आधी अंड्यांच्या न्याहारीचे डमी शब्द, म्हणजे चालीचे मीटर सांभाळण्यापुरते तात्पुरते शब्द, बसवले होते.

खरा पेच महिन्याच्या मध्यावर उभा राहतो, कारण तोवर स्वतःचे दुःख लिहून संपलेले असते आणि दुसऱ्याचे हाताशी असते. रात्रीचे दहा वाजले आहेत, गिटारवर जी, सी आणि डी हेच तीन कॉर्ड फिरत आहेत, ध्रुवपद, म्हणजे प्रत्येक अंतऱ्यानंतर परतणारा भाग, जमले आहे. मात्र ब्रिज, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधी चाल आणि दृष्टी पालटणारा तुकडा, अजून रिकामा आहे, आणि भावाने घटस्फोटाच्या काळात विश्वासाने सांगितलेले एक वाक्य तिथे जसेच्या तसे चपखल बसते. एरवी त्यावर आठवडाभर विचार झाला असता. येथे परवा पुढचे गाणे हवे असते. यमकासाठी त्या वाक्यातला एखादा तपशील फिरवला, तर भावाने न सोसलेले दुःखही त्याच्या नावावर जमा होते, आणि नाव वगळल्याने काही साधत नाही, कारण ज्यांनी ओळखू नये असे वाटते तेच घरचे लोक पहिल्या ओळीत ओळखतात.

इतरांच्या आयुष्यावर गाणी रचूच नयेत, असे म्हणणे मात्र सोवळेपणाचे होईल. नॉर्थ कॅरोलायनात १८६६ साली झालेल्या एका खुनावरचे ‘टॉम डूली’ हे लोकगीत किंग्स्टन ट्रिओने १९५८ साली घरोघरी पोहोचवले; परंतु तो खटला उघड न्यायालयात चाललेला होता, आरोपीला १८६८ साली फाशी झाली होती आणि मध्ये ९० वर्षे लोटली होती. भाऊ हयात आहे, आणि रविवारी जेवायला येणार आहे.

अशा वेळी उपक्रमाची अट नीट वाचणे उपयोगी पडते, कारण ती गाणे लिहिण्याची आहे, लोकांना ऐकवण्याची नव्हे. गाणे त्या रात्री पुरे करावे, मोजणीत निःसंकोच धरावे, आणि ध्वनिमुद्रण भावाने ऐकेपर्यंत फोनमध्येच ठेवावे. त्याने नको म्हटले, तर ब्रिज मार्चमध्ये नव्याने लिहिता येतो; मार्चला कसलेही उद्दिष्ट नसते.