एकमेकींचे पाय
(शास्त्रभाग : योहान १३ : १–१७)



वधस्तंभाच्या आदल्या रात्रीं प्रभूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट आपण इतक्या वेळां ऐकिली आहे कीं तिच्यांतील एक बारीक वळण ध्यानांतून निसटतें. आतां माझे पाय धुवा, असें त्यानें शिष्यांस सांगितलें नाहीं. एकमेकांचे धुवा, असें सांगितलें. गुरूचे पाय धुण्यांत मानच आहे. आपल्याच पंक्तीस बसणाऱ्या सोबत्याचे धुणें कठीण, आणि त्याच्याकडून आपले धुऊन घेणें त्याहून कठीण.

ह्या वळणाची आठवण मला रत्नागिरीजवळील एका वृद्धाश्रमांत झाली. आपला जिल्हा म्हाताऱ्यांस मागें ठेवणारा जिल्हा आहे. २०११ च्या शिरगणतींत येथें दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. मुलगे पोटासाठीं मुंबईस गेले, हें त्याचें मोठें कारण. पूर्वीं मनिऑर्डर येत असे, आतां पैसे मोबाइलवर येतात. पण अंथरुणावरच्या आईची कूस बदलावयास हात लागतात, आणि ते पैशांबरोबर येत नाहींत.

परिचारिकेचें शिक्षण घेणाऱ्या मुलींस वृद्धांची शुश्रूषा हा विषय असतो, व त्यासाठीं त्यांस कांहीं दिवस अशा आश्रमांत पाठवितात. (डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशनचें रुग्णालय उघडलें, त्या काळीं हें काम हलकें समजत व त्यांत येणाऱ्या मुली बहुधा ख्रिस्ती घरच्या असत. आज सर्व घरांतील मुली, आणि मुलगेही, तें शिकतात, ह्याचा मला फार संतोष वाटतो.) तेथें दोन मुलींकडे मिळून एक अंथरुणास खिळलेली आजी दिली होती. दर दोन तासांनीं तिची कूस बदलावयाची व चोपडींत वेळ लिहावयाची, हा नेम.

एके दुपारीं एकीनें चोपडींत ‘डावी कूस’ असें लिहिलें. आजी मात्र उताणीच होती. मुलगी वाईट नव्हती, थकली होती. दुसरी आली तेव्हां तिनें आधीं चोपडी पाहिली आणि मग खाट पाहिली.

प्रियजनहो, येथें दोन वाटा सोप्या होत्या. मैत्रीच्या नांवाखालीं गप्प बसावें, किंवा शिक्षिकेकडे धांवत जाऊन स्वतःचें नांव करून घ्यावें. आपल्या मंडळ्यांतही ह्याच दोन वाटा मळलेल्या आहेत. वर्गणीच्या वहींत चूक निघाली आणि लिहिणारा आपला सोयरा असला तर आपण ती झांकतों. नसला तर ती विहिरीवर पोंचवितों.

त्या मुलीनें दोन्ही वाटा सोडल्या. तिनें सोबतिणीस हांक मारिली आणि तिचा हात आजीच्या माकडहाडाखालीं ठेवविला. कातडी ऊन लागत होती. बोटानें दाबून सोडिलें, तरी लाली जाईना. शय्याव्रण असाच सुरू होतो. सांवळ्या अंगावर तर ही लालीही दिसत नाहीं, ऊबेवरून व कठीणपणावरून हातालाच तें कळतें. “अजून फुटलें नाहीं, ये, धर,” इतकेंच ती म्हणाली. दोघींनीं मिळून आजीस कुशीवर केलें, पाठीशीं उशी दिली, आणि टांचा खाटेस टेकूं नयेत म्हणून पिंढरीखालीं दुसरी ठेविली. मग दोघी मिळून शिक्षिकेकडे गेल्या, आणि जिनें खोटें लिहिलें होतें तिनेंच तें स्वतःच्या तोंडानें सांगितलें. शिक्षिका रागावल्या. रागावणें योग्यच होतें.

पेत्राच्या पहिल्या पत्रांत प्रीतीनें पापांवर पांघरूण घालण्याविषयीं लिहिलें आहे, आणि त्या वचनाचा आपण फार दुरुपयोग करितों. सोबतिणीची लाज झांकणें ही प्रीति आहे. पण तेंच पांघरूण आजीच्या जखमेवर पडलें तर तिच्याखालीं मांस कुजतें. पाय धुणाऱ्यास आधीं मळ पाहावा लागतो, तो हातांत घ्यावा लागतो, आणि नाक मुरडूनही चालत नाहीं.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहींतर एक मुलगी गुरू व दुसरी शिष्य असें वाटेल. ही चांगली मुलगी शहरांतली. ती पेला पुढें करी, तेव्हां आजी तोंड फिरवी. चुकलेली राजापुराकडच्या खेड्यांतली. ती खाटेच्या काठाशीं टेकून म्हणे, “वायच पानी घे गो आजी,” आणि आजी घोट घोट पिई. तेव्हां शहरची मुलगी खालीं बसून ते शब्द शिकली. बारा शिष्यांस प्रभूनें दोघेदोघे करून कां धाडिलें असावें (मार्क ६), ह्याचा अर्थ मला त्या खाटेपाशीं थोडा अधिक उमगला.

तुमच्या घरीं कोणी अंथरुणास खिळलेलें असेल, तर आज रात्रीं दिवा जवळ घेऊन त्याचें माकडहाड, कमरेचीं हाडें व टांचा पाहा. एकट्यानें पाहूं नका. सुनेनें मुलास बोलवावें, मुलानें सुनेस. लाली दिसली वा ऊब लागली, तर ती जागा चोळूं नका; त्या अंगावरून लगेच वळवा, आणि सकाळीं आरोग्य केंद्रांतील परिचारिकेस कळवा. आज दुपारीं कूस बदलावयाची राहिली असेल, तर तेंही तिला सांगा.