भिंतीवरचें वचन

हल्लीं मोठ्या कंपनीच्या दाराशीं चार सुंदर शब्द टांगलेले असतात. त्यांखालून रोज ये-जा करणाऱ्या कारकुनास ते विचारले, तर आठवतीलच असें नाहीं. हा दोष त्याच्या स्मरणशक्तीचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळें महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालेल्या एन्रॉन कंपनीनेंही आपलीं मूल्यें छापून काढलीं होतीं: आदर, सचोटी, सुसंवाद व उत्कृष्टता. शब्दांस नांव ठेवावयास जागा नव्हती. परंतु २००१ सालीं तिच्या हिशेबांतील लबाड्या बाहेर आल्या व डिसेंबरांत तिचें दिवाळें वाजलें. नोकर भिंत वाचतो खरा. पण बढती कोणास मिळते, हें तो त्याहून बारकाईनें वाचतो.

उलट उदाहरण अमेरिकेंतीलच जॉन्सन अँड जॉन्सनचें. १९४३ सालीं रॉबर्ट वुड जॉन्सन यांनीं पानभर प्रतिज्ञा लिहिली. तींत पहिलें कर्तव्य माल वापरणारांविषयींचें, व भागधारकांचा क्रम शेवटचा. पुढें तीस-एक वर्षांनीं हें पान नुसती शोभा होऊन राहील अशी शंका जेम्स बर्क या तेथील धुरीणास आली. त्यांनीं अधिकाऱ्यांस एकत्र बसवून, हें पाळावयाचें कीं भिंतीवरून उतरवावयाचें, असा रोकडा सवाल टाकला. १९८२ सालीं शिकागोच्या परिसरांत कोणा अज्ञातानें टायलेनॉलच्या गोळ्यांत सायनाइड घातलें व सात माणसें दगावलीं. विष कारखान्यांत मिसळलेलें नव्हतें. तरीही कंपनीनें देशभरांतून सुमारें ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या व १० कोटी डॉलरांहून अधिक तोटा सोसला.

यांत धूर्तपणा होता, त्यानें पुढें नांवच वाढलें, असें कोणी म्हणेल. असेलही, पण निर्णयाच्या घटकेस तोटा निश्चित होता आणि कीर्ति अनिश्चित होती. ज्या तत्त्वासाठीं धन्यानें पदरचें कांहीं गमावलेलें नोकर पाहतो, तें त्यास पाठ करावें लागत नाहीं. मात्र एकदां मोजलेली किंमत जन्माची पुरत नाहीं. याच कंपनीवर पुढें टाल्कम पावडरीवरून हजारों दावे झाले. तिनें आरोप नाकारले. परंतु १९८२ ची पुण्याई पुढे करून त्या प्रश्नांचें उत्तर देतां येत नाहीं. प्रत्येक पिढीस तें वचन पुन्हा विकत घ्यावें लागतें.

कंपन्यांस दूषण देतांना आपल्या उंबरठ्याकडेही पाहिलें पाहिजे. दिवाणखान्यांत सत्याचें सुभाषित टांगावयाचें आणि नको असलेला पाहुणा आला, कीं मुलास ‘बाबा घरीं नाहींत म्हणून सांग’ म्हणून दाराशीं पाठवावयाचें! मूल निरोप बिनचूक पोंचवितें. सुभाषितही त्याच्या ध्यानांत राहतें; पण तें केवळ पाहुण्यांसाठीं आहे, हेंही त्याच्या ध्यानांत राहतें.