शंकासमाधान : हिस्सा मागणारी बहीण आणि भाऊबीज

शंका : ताई, वडील जाऊन वर्ष झालं. आम्ही तीन भावंडं, मी एकटा भाऊ. थोरल्या बहिणीने वर्षश्राद्धाच्या आधीच हक्कसोड करून दिली. धाकटी म्हणते, मला माझा वाटा हवा. त्यावरून आईने तिचं नाव टाकलंय. यंदा भाऊबीजेला तिच्याकडे जायचं नाही, असं मला बजावलंय. जमीन तीन एकर, वडिलांनी नोकरीच्या पैशातून घेतलेली. मृत्युपत्र नाही. त्यांचं आजारपण मी काढलं, सोसायटीचं कर्ज मीच फेडतोय. बहिणीला सुतक तीन दिवसांचं आणि हिस्सा मात्र बरोबरीचा, हे धर्माला धरून आहे का?
– एक भाऊ, जुन्नर तालुका

समाधान : सुतकाचं आधी बघू, कारण तिथेच तुमची गाडी अडली आहे. सुतक गोत्रावरून धरतात. लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या गोत्रात गेली, म्हणून आईवडिलांचं तिला तीन दिवस. आता वडिलांचं सुतक तुमच्या भावकीनेही दहा दिवस पाळलं असेल. सुतकावरून वाटे पडायचे असतील, तर त्या चुलत्या-पुतण्यांना किती गुंठे देणार आहात?

मनूला मी एरवी साक्षीला बोलावत नाही. पण धर्माचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांनी आपापल्या वाट्यातला चौथा भाग बहिणींना द्यावा, न देणारे पतित होतात, असं आहे. याज्ञवल्क्यही चौथ्या भागाचंच बोलतो, आणि त्याच्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर बजावतो की हा नुसता लग्नाचा खर्च नव्हे, वाटाच आहे. हे सगळं कुमारिकांपुरतं आहे, हे खरं. तरी ‘धर्मात मुलीला काहीच नाही’ हे पारावरचं वाक्य ग्रंथात सापडायचं नाही.

कायद्याबद्दलही एक गैरसमज घरोघरी आहे. २००५ साली कायदा बदलला आणि बहिणी हिस्सा मागायला लागल्या, असं लोक म्हणतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या मुलींच्या जन्मसिद्ध हक्काची. महाराष्ट्राने ती काही अटींसह १९९४ मध्येच केली होती, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. तुमची जमीन मात्र वडिलांनी स्वतः घेतलेली. मृत्युपत्राविना गेलेल्या बापाच्या अशा मिळकतीत बायको, मुलगा आणि मुली सारख्याच वारस, हे १९५६ पासून आहे. तुमच्या तीन एकरांचे १२० गुंठे. चौघांना तीस-तीस. म्हणजे त्यात आईचेही तीस गुंठे आहेत, हे तिला कुणी सांगितलंय का? थोरलीने तुमच्या नावे सोडले म्हणून तुमचे साठ झाले. धाकटी मागते ते तिचे तीस. तुमच्या पदरचं ती काही मागत नाही.

आता थोरलीच्या हक्कसोडीचं. दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर असे भाऊ-बहीण नेहमी दिसतात. भावाच्या हातात कागदांची फाइल आणि दुकानाची पिशवी, पिशवीत साडी. बहिणीचा फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकतो, दोन साक्षीदार सह्या करतात, आणि मग बाहेर येऊन साडी तिच्या हातात. कुणी मनापासून सोडते, तिला नमस्कार. पण ‘माहेर तुटेल’ या धाकाने केलेली सही आणि मायेने केलेली सही कागदावर सारखीच दिसते. तुमच्या बहिणीची कुठली, हे तुम्हाला ठाऊक असणार. ठाऊक नसेल तर तिला एकटीला गाठून विचारा. आणि तिची मोठेपणाची गोष्ट धाकटीच्या तोंडावर फेकू नका.

तुमची तक्रार मात्र खोटी नाही. आजारपण काढणं म्हणजे काय, हे रात्री उशाशी बसलेल्यालाच कळतं. त्या जागरणाचा हिशेब गुंठ्यांत होत नाही, पण दवाखान्याच्या बिलांचा आणि कर्जाचा होतो. वडिलांचं कर्ज त्यांच्या मिळकतीवर पडतं, म्हणजे धाकटीच्या वाट्यावरही त्याचा चौथा हिस्सा येतो. वही घेऊन बसा, पावत्या मांडा, तिला तिचा भार दाखवा. जमीन फोडायची नसेल तर किंमत ठरवून हप्त्याने द्या. ‘तिच्या लग्नात खर्च झाला’ हे मात्र त्या वहीत लिहू नका. तुमच्या लग्नाचा मांडव काही फुकट पडला नव्हता.

आणि भाऊबीज? यमद्वितीयेच्या कथेत यम बहिणीच्या घरी जेवायला जातो, यमुनेने हिस्सा सोडला की नाही हे विचारून नव्हे. तुम्ही जा. आईला सांगून जा, लपून नको. ती चार दिवस बोलणार नाही, ते सोसा. ओवाळणीच्या ताटात फेरफाराचा कागद ठेवू नका आणि त्या दिवशी जमिनीचा विषयही काढू नका.

शंका : आम्हाला दोन्ही मुलीच. पुढे आमचं अंत्यकर्म, श्राद्ध कोण करणार, या काळजीने यजमान दत्तक मुलाचं बोलतात. वय साठीच्या पुढे.
– एक गृहिणी, मिरज

समाधान : मुलींनी करावं. २०१४ साली परळीत गोपीनाथ मुंडे यांना त्यांच्या कन्येने, पंकजा यांनी, अग्नी दिला, तो उभ्या महाराष्ट्राने पाहिला. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत स्त्रिया पौरोहित्य शिकतात आणि अंत्येष्टी, श्राद्धही सांगतात. गुरुजी नाही म्हणाले तर दुसरे गुरुजी बघा. पिंडासाठी या वयात मूल दत्तक घेणं हा त्या मुलावरच अन्याय आहे.

शंका : मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार महिन्यांची. तो म्हणतो, ‘हिला परत दवाखान्यात देऊन ये.’ परवा त्याने तिला चिमटा काढला. सासूबाई म्हणतात, ‘तू आता दादा झालास, असं करायचं नाही.’ माझ्याकडून एकाला कमी पडतंय का?
– एक आई, डोंबिवली

समाधान : पडतंय, आणि पडणारच. चार महिन्यांच्या बाळाला आई जास्त लागते. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण सहा वर्षांच्या पोराला रातोरात दादा करून ठेवलं की त्याचं लहानपण त्या बाळानेच पळवलं असं त्याला वाटतं. थोरल्याने नेहमी शहाणं असावं, असा काही नेम नाही. आळंदीत झोपडीचं दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत धाकट्या मुक्तेने काढली होती, आणि तरी ते थोरलेच राहिले.

चिमट्याला ओरडा, दवाखान्याच्या बोलण्याला ओरडू नका. ‘देऊन आलो तर हिचा पाळणा कुणाला द्यायचा?’ असं विचारा, तो बोलायला लागेल. संध्याकाळी बाळ सासूबाईंकडे देऊन अर्धा तास त्याला एकट्याला खाली घेऊन जा. त्या अर्ध्या तासात बाळाचं नावही काढू नका, त्याने काढलं तर गोष्ट वेगळी.