त्रिकोणाची खोड

माझ्या १९८९च्या माझदा आरएक्स-७चं इंजिन दमलंय. कॉम्प्रेशन खाली आलंय, गरम असताना पुन्हा चालू व्हायला कुरकुर करतं. ते उघडून नव्याने बांधायचं, की पैशांत आणखी भर घालून त्याच जागी शेवरोलेचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ बसवायचं? हॉर्सपॉवर १६० वरून ३५०च्या आसपास जाईल. इथे अमेरिकेत हे इतक्या जणांनी केलंय की माउंटपासून वायरिंगपर्यंत सगळं तयार मिळतं. कॅलिफोर्नियात नियम पाळून केलं तर कायदेशीरही आहे. माझ्यासोबत ट्रॅकवर येणारा मित्र म्हणतो, यात विचार करण्यासारखं काय आहे?

मला वाटतं, आहे. रोटरी इंजिन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कमरेत किंचित चेपलेल्या लंबगोल पोकळीत गरागरा फिरतो. व्हॉल्व्ह नाहीतच. असे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी. कल्पना फेलिक्स वँकेलची. जर्मनीच्या एनएसयूने ती १९६४ साली गाडीत आणली, आणि माझदाने १९६७च्या कॉस्मोपासून ती दशकानुदशकं धरून ठेवली. ते सोपं नव्हतं. त्रिकोणाच्या टोकांवरची सीलं पोकळीच्या भिंतीवर ओरखडे काढायची. 'सैतानाची नखं' म्हणायचे त्यांना. केनिची यामामोतोंच्या टीमने ती नखं बोथट केली. १९९१ साली चार रोटरच्या ७८७बीने ल माँची चोवीस तासांची शर्यतही जिंकली.

पण जित्याची खोड. हे इंजिन तेल पितं, आणि तेही बिघाड म्हणून नव्हे. सीलांना वंगण मिळावं म्हणून तेल मुद्दाम आत सोडलं जातं आणि ते जळून जातं. पेट्रोल जास्त खातं, तापतंही फार.

व्ही-८ घातलं की या सगळ्या खोडी एका फटक्यात जातील. मग उरेल ती आरएक्स-७ असेल का? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल असंच विचारलं होतं: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? रथ हे शेवटी जुळणीला दिलेलं नाव. मित्राला ही गोष्ट सांगितली तर तो खूशच झाला. बघ, नावच आहे ना, मग बदल इंजिन!

माझा प्रश्न मात्र नावाचा नाही. 'अपग्रेड' हा शब्द आपण असा वापरतो, जणू चांगलं-वाईट मोजायची एकच पट्टी आहे आणि ती वेगाची. नुसता वेग हवा असता तर मी नवी गाडी घेतली असती. आजच्या कितीतरी साध्या गाड्या हिला मागे टाकतात. मला आवडतं ते सात हजार आरपीएमपर्यंत न थरथरता चढत जाणं, आणि पुढच्या आसाच्या मागे बसलेल्या एवढ्याशा इंजिनामुळे वळणावर हलकं लागणारं नाक. हे सुख आणि त्या खोडी एकाच त्रिकोणातून येतात. खोडी काढून सुख ठेवता येत नाही.

तरी 'मला तिच्या खोडी आवडतात' हे वाक्य जरा जास्तच सोयीचं आहे. खोडीचं बिल कोण भरतं, ते त्यात लपतं. दोन-तीन टाक्यांनंतर तेल बघणं, रेडिएटरकडे लक्ष ठेवणं, इंजिन थंड असताना दामटायचं नाही हे पाळणं, हे सगळं बिल माझं. ते मी आनंदाने भरतो.

ट्रॅकवरचे लोक मात्र आणखी दोन गोष्टी सुचवतात. पहिली, ब्रिज पोर्ट. म्हणजे हवा आत घेणारी भोकं घासून मोठी करायची. वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण खाली इंजिन भकाभका अडखळत चालतं आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं. घासलेलं लोखंड परत भरून येत नाही हे वेगळंच. फक्त शर्यतीच्या गाडीला ते ठीक आहे. माझी गाडी सोमवारी ऑफिसलाही जाते, आणि शेजारच्या बाई रात्रपाळी करून सकाळी झोपतात.

दुसरी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा. दर दोन वर्षांनी धुराची चाचणी असते, तेवढ्यापुरता लावायचा आणि घरी येऊन पुन्हा काढायचा. परीक्षेपुरता अभ्यास! रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि पसरट, त्यामुळे मुळातच तिच्या धुरात न जळलेलं इंधन जास्त. तोच गाळणारा डबा काढून मिळवलेले चार-सहा हॉर्सपॉवर मला अपग्रेड वाटत नाहीत. ती उधारी आहे, रस्त्यावरून चालणाऱ्याच्या फुप्फुसाच्या नावावर.

म्हणून इंजिन रोटरीच राहणार आणि भोकं कंपनीने दिली तेवढीच. पैसे रेडिएटर, ब्रेक पॅड, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायरवर जातील. थंडरहिलच्या सरळ पट्ट्यावर मित्र मला मागे टाकेल. वळणात बघू.

पण मित्राने परवा माझाच नियम माझ्यावर उलटवला. "पेट्रोलचं काय? रविवारी गाडी गोल गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. त्या धुराचं बिल तुला येतं का?" नाही येत. शेजारणीलाही एकटीला येत नाही, सगळ्या जगात वाटलं जातं. मी म्हटलं, वर्षाला एकदा पुण्याला जातो ते विमान याच्या कितीतरी पट जाळतं. त्यावर तो म्हणाला, म्हणजे तेही बंद कर. आईला भेटणं आणि ट्रॅकवर फिरणं एका पारड्यात कसं टाकायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, हवेला आई कळत नाही.

हे त्याचं खरं आहे. पण हवेला कळत नाही म्हणून मलाही कळू नये, हे मला पटत नाही. आमचं भांडण अजून चालू आहे. सीलांचा सेट मागवलाय, पुढच्या आठवड्यात इंजिन उतरवायला तोच येणार आहे.