अर्जातला एक रकाना



चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा शब्द कोणाला नवा नाही. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात. अंग ठणकते, रक्त कमी होते. हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने हाच गैरसमज दूर केला (योहान ९).

समजा, तपासणीत मुलीचा रिपोर्ट 'एसएस' आला आणि बाप आरोग्य विमा काढायला निघाला. अर्जात एक रकाना असतो: पूर्वीचा काही आजार? एजंट हळूच म्हणतो, "'नाही' लिहा. खरे लिहिलेत तर हप्ता वाढेल, नाहीतर अर्जच परत येईल." बापाने काय करावे?

कंपनी मोठी, पोर लहान. एवढ्याशा खोट्याने कोणाचे काय बिघडते, असे त्याला वाटले तर नवल नाही. पण विम्याचा पैसा हजारो कुटुंबांनी अडीअडचणीसाठी एकत्र ठेवलेला असतो आणि त्यांच्याही घरी आजारी माणसे असतात. आठवी आज्ञा तिथेही लागू होते. शिवाय सिकलसेल रक्ताच्या तपासणीत उघड होतो. लपवलेले सापडले, की नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

खरे लिहिल्याने सगळी दारे बंद होत नाहीत. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षे ठेवता येतो. पूर्वी तो ४ वर्षे होता. म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याइतकीच या काळाचीही चौकशी करावी. त्याहीआधी सरकारी योजना पाहावी. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत गडचिरोली होता. तिच्यात ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही, की जुना आजार लपवावा लागत नाही. आपला उपचार यादीत आहे का, रुग्णालय कोणते, हे आरोग्यमित्राला विचारावे.

तरीही बरेच उरते. भामरागडहून गडचिरोली, तिथून नागपूर. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचे जेवण. हे कोणत्या पॉलिसीत बसते? खरेपणाची ही किंमत बापाने एकट्याने का मोजावी? दयाळू शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत पोचवले, दोन दीनार दिले आणि जास्त लागले तर परतताना देईन, असा शब्दही दिला (लूक १०). त्यांचे रक्ताचे नाते नव्हते.

'खरे बोला' असे सांगणाऱ्या धर्मग्रामानेही असा शब्द द्यायला हवा. रक्तदात्यांची यादी, प्रवासासाठी थोडा निधी, अर्ज भरून देणारा एखादा शिकलेला तरुण. आणि हे सारे कोणाचा आजार चव्हाट्यावर न आणता. एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे.

त्या रकान्यात 'होय' लिहिताना बापाचा हात थरथरेल. त्या वेळी आपल्या पाठीशी कोणीतरी उभे आहे, हे त्याला ठाऊक असावे.